तारखा जुळत नाहीत

तुझं क्रिकेटचं वेड सुटलं कसं, असं कुणी विचारलं की माझ्याकडे तीन-चार उत्तरं तयार असतात. समोर कोण आहे ते बघून मी त्यातलं एक काढून देतो. वयाने मोठ्या माणसाला फिक्सिंगचं सांगतो. जरा वैचारिक गृहस्थ असतील तर पैशाचं. ऑफिसातल्यांना ‘वेळच मिळत नाही हो’ एवढं पुरतं. माना डोलावल्या जातात, विषय संपतो. पण मी पडलो स्कोअरकार्डं पाठ असणारा माणूस. सामने मला तारखेनिशी आठवतात. मध्यंतरी एकदा निवांत बसून या उत्तरांच्या तारखा मांडून पाहिल्या, तर एकही जुळेना.

फिक्सिंगचं घ्या. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं प्रकरण बाहेर काढलं. त्याच वर्षी डिसेंबरात बीसीसीआयने अझरुद्दीनवर आजीवन बंदी घातली. (ती पुढे २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, पण तोवर त्याचं खेळण्याचं वय निघून गेलं होतं.) आम्ही मित्रांनी तेव्हा क्रिकेट बघणार नाही असं जाहीर केलं होतं. पुढचा मार्च आला. ईडन गार्डन्सवर लक्ष्मणने २८१ केल्या, द्रविडने १८०, आणि फॉलोऑन मिळालेल्या संघाने ऑस्ट्रेलियाला १७१ धावांनी हरवलं. प्रतिज्ञेची आठवण कुणी कुणाला करून दिली नाही. सगळेच त्यात अडकलेले होते.

पराभवांनी मन उडालं म्हणावं, तर तेही नाही. ३१ जानेवारी १९९९ चा, पाकिस्तानविरुद्धच्या चेन्नई कसोटीचा दिवस मी अजून चेंडूगणिक सांगू शकतो. जिंकायला २७१ हव्या होत्या. पाठ धरलेली असताना सचिनने १३६ केल्या. तो बाद झाला तेव्हा धावफलकावर ७ बाद २५४ होत्या, फक्त १७ हव्या होत्या. पुढे चार धावांत सगळे बाद. बारा धावांनी हार. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाँटिंगने नाबाद १४० ठोकल्या, ऑस्ट्रेलियाच्या ३५९ झाल्या आणि सचिन पहिल्याच षटकात चार धावा करून परतला. २००७ च्या विश्वचषकात तर वेस्ट इंडीजमध्ये बांगलादेश आणि श्रीलंकेने गटातूनच घरी पाठवलं. या प्रत्येक वेळी मी चिडलो, जेवण टाकलं, घरच्यांवर वसवस केली, आणि पुढच्या मालिकेला आधीपेक्षा जास्त हिरिरीने बसलो. हरण्याने वेड जात असतं तर नव्वदच्या दशकातल्या एकाही पोराला ते उरलं नसतं.

पैसा? आयपीएलसाठी खेळाडूंचा पहिला लिलाव फेब्रुवारी २००८ मध्ये झाला. माणसांवर बोली लागताना बघून मला खरोखर कसंसंच झालं होतं. तरीही २ एप्रिल २०११ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीचा षटकार गेला तेव्हा मी रडलोच. तीन वर्षं आयपीएल चालू होती, तिने माझ्या अश्रूंना काही बाधा आणली नव्हती.

सचिनच्या निवृत्तीत थोडं तथ्य आहे. १६ नोव्हेंबर २०१३ ला त्याचं मैदानावरचं भाषण संपल्यावर मला खरंच वाटलं की आपलंही झालं. पण वर्षभरातच डिसेंबर २०१४ मध्ये ॲडलेडला कोहलीने दोन्ही डावांत शतकं केली, भारत ४८ धावांनी हरला, आणि मी पुन्हा जुन्याच पद्धतीने कासावीस झालो. म्हणजे तेव्हा झालं नव्हतं.

मग झालं कधी? असली गोष्ट एका दिवसात होत नसते. मी आधी पहिला डाव बघणं सोडलं. मग फक्त शेवटच्या पाच-दहा ओव्हर. मग मोबाईलवर नुसता स्कोअर. मग एकदा संघाची यादी वाचताना दोन नावं अशी दिसली की ते डावखुरे आहेत की उजवे हेही मला सांगता येईना. आणि ते शोधावंसंही वाटेना. मला वाटतं धोक्याची घंटा हीच. सामना चुकणं हा वेळेचा प्रश्न असतो. खेळाडूबद्दल कुतूहल न वाटणं हा वेगळाच प्रकार.

याचा छडा लावायला मला उलटीकडून जावं लागलं. उत्साह होता तेव्हा आम्ही नेमकं करत काय होतो?

शारजाचं उदाहरण सांगतो. २२ एप्रिल १९९८. सगळ्यांना ते वाळूचं वादळ आणि सचिनच्या १४३ आठवतात. मला आठवतं ते गणित. वादळानंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतापुढे ४६ षटकांत २७६ चं लक्ष्य आलं, पण अंतिम फेरीत जायला २३७ पुरणार होत्या, कारण न्यूझीलंडशी धावगतीची स्पर्धा होती. आमच्या खोलीत यावरून रणकंदन. एकाचं म्हणणं, आता जपून खेळावं. दुसऱ्याचं, जिंकायलाच जावं. कागद-पेन घेऊन दर ओव्हरला भागाकार चालले होते. भारताच्या २५० झाल्या, सामना २६ धावांनी हरला, आणि आम्ही हरल्यावर नाचत होतो, कारण २३७ कधीच ओलांडल्या होत्या. दोन दिवसांनी, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सचिनने १३४ करून अंतिम सामना जिंकून दिला. तो आनंद सचिनचा होताच. पण त्या भागाकारांचे निम्मे मालक आम्ही होतो.

बाकीचंही असंच. वहीत सरासऱ्या लिहिणं. प्रवासात शेजारच्या अनोळखी माणसाला ‘स्कोअर काय झाला हो?’ विचारणं आणि त्याने स्कोअरसोबत स्वतःची टीकाही ऐकवणं. भागीदारी रंगली की कुणाला जागेवरून उठू न देणं. मी खोलीबाहेर असताना चौकार गेला, तर मला बाहेरच उभं ठेवलं जायचं, आणि मी मुकाट्याने उभा राहायचो. या सगळ्यात वेडेपणा होता, हे कबूल. पण ते काम होतं. सामना मैदानावर चालायचा आणि त्याच वेळी आमच्या डोक्यात, वहीत, वादात एक दुसरा सामना आम्ही स्वतः चालवत असायचो. मला आता वाटतं, माझा उत्साह त्या दुसऱ्या सामन्याचा होता.

तो हळूहळू माझ्या हातून काढून घेतला गेला. कुणी कट केला वगैरे नाही, सोय म्हणूनच झालं ते. आता पडद्याच्या कोपऱ्यात जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहून येते. भागाकार करायला काही उरलेलं नाही. मोबाईलवर थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, त्यामुळे गोलंदाज धाव घेत असतानाच वरून पट्टी सरकते: विकेट. मी कितीदा तरी असा बाद होणारा फलंदाज पाहिला आहे, जो माझ्या पडद्यावर अजून स्टान्स घेत असतो. सरासरी, स्ट्राइक रेट, अमुक गोलंदाजाविरुद्धची कामगिरी, सगळं आयतं. आणि आयतं मिळालेलं लक्षात राहत नाही. धोनीने २०११ च्या अंतिम सामन्यात नाबाद ९१ आणि गंभीरने ९७ केल्या, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. गेल्या आयपीएलच्या अंतिम सामन्यात कुणी किती केल्या, हे मला दुसऱ्या दिवशीही सांगता आलं नसतं.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. पहिल्या आयपीएलमध्ये ५९ सामने होते. २०२२ पासून दहा संघ आणि ७४ सामने. पण नुसत्या संख्येची तक्रार करण्यात अर्थ नाही, आमच्या वेळीही शारजा, टोरंटो, सिंगापूर असं काहीबाही सतत चालूच असायचं. माझी तक्रार मोकळ्या जागेची आहे. अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक मिळाला २ एप्रिल २०११ ला. आयपीएल सुरू झाली ८ एप्रिलला. अठ्ठावीस वर्षांच्या प्रतीक्षेला सहा दिवस. परवा खांद्यावर उचलून मिरवलेले खेळाडू आठवड्याच्या आत वेगवेगळ्या रंगांच्या कपड्यांत एकमेकांना बाद करत होते.

दादा, माझा मोठा भाऊ, यावर लगेच मला पकडतो. त्याचं म्हणणं, १९९९ मध्ये चेन्नईनंतर दिल्लीची कसोटी चारच दिवसांनी सुरू झाली होती, तेव्हा बरं तुला जागा लागली नाही! मुद्दा बिनतोड वाटतो, पण तसा तो नाही. चेन्नईच्या जखमेचं उत्तर दिल्लीत होतं. तेच दोन संघ, तीच मालिका, तोच हिशोब. आणि ७ फेब्रुवारीला कुंबळेने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले तेव्हा तो हिशोब चुकता झाला. याउलट २०२३ बघा. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो आणि २३ नोव्हेंबरला विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी मालिका सुरू झाली. अंतर तेवढंच, चार दिवस. पण कर्णधार वेगळा, संघ वेगळा, प्रकार वेगळा, आणि त्या विजयाने आधीच्या पराभवाचं काहीही फिटत नव्हतं. भारत तो सामना जिंकला. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या १९ नोव्हेंबरबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. भारत सलग दहा सामने जिंकून आला होता. २४० झाल्या, मग ट्रॅव्हिस हेडने १३७ केल्या आणि सहा गडी राखून खेळ आटोपला. मी पूर्ण सामना पाहिला. शेवटी टीव्ही बंद केला, दुसऱ्या दिवसाचे कपडे काढून ठेवले आणि झोपलो. झोप छान लागली. सकाळी दादाचा फोन आला. आमच्यात पराभवानंतरचा फोन हा जवळजवळ सुतकासारखा पाळला जातो. आधी बराच वेळ कुणी काही बोलत नाही.

‘झोपलास का रे?’ त्याने विचारलं.

‘हो.’

‘झोप लागली?’

‘लागली की.’

‘बरा आहेस ना?’

त्याला खरंच काळजी वाटली होती. मला आधी हसू आलं आणि मग ओशाळल्यासारखं झालं, कारण आमचं निम्मं बोलणं या एका विषयावर उभं होतं. क्रिकेट काढून घेतलं तर दोन भावांनी फोनवर बोलायचं काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यापुढे आहे. सध्या तब्येत आणि घरदुरुस्तीवर भागवतो.

झोप लागणं तसं चांगलंच, म्हणा. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकावेळी म्युनिक भागात झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग एरवीच्या अडीचपटींहून अधिक होते. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने शेवटच्या ओव्हरला श्वास रोखून धरू नये, हे डॉक्टरही सांगतील. पण कुणी तब्येतीसाठी वेड सोडल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि मीही तसं सोडलं नाही.

वयाचा भाग आहे तो वेगळ्या अर्थाने. मी १९८१ चा. धोनी आणि फेडरर दोघेही १९८१ चे. टेनिस मी क्रिकेटइतकं कधीच पाहिलं नाही, फेडररपुरतं पाहिलं. जुलै २०१९ च्या एका आठवड्यात या दोघांनी मला एकदमच म्हातारं केलं. १० जुलैला मँचेस्टरमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडच्या गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावबाद झाला. क्रीज थोडक्यात लांब राहिलं. त्यानंतर तो भारताकडून कधीच खेळला नाही. १४ जुलैला लंडनमध्ये एकाच संध्याकाळी दोन अंतिम सामने. विम्बल्डनला पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, स्वतःची सर्व्हिस, ४०-१५, म्हणजे विजेतेपदाचे दोन गुण हातात, आणि दोन्ही गेले. त्याच वर्षी आणलेल्या नियमाने १२-१२ वर टायब्रेक झाला, तो जोकोविचने घेतला. तिकडे लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या २४१-२४१, सुपर ओव्हरमध्ये १५-१५, आणि चौकार-षटकार २६ विरुद्ध १७ मोजून इंग्लंडला विश्वचषक दिला गेला. न्यूझीलंड हरलं असं म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. आयसीसीने तो नियम त्याच वर्षी काढून टाकला.

मी रिमोट घेऊन दोन्हीकडे धावत होतो. इतकं थरारक काही एका रात्रीत मी आधी पाहिलं नव्हतं. आणि तरीही सगळं संपल्यावर जे वाटलं, ती हळहळ होती, त्या दोघांच्या वयाची. सदतीस-अडतिसाव्या वर्षी असं हुकलेलं परत येत नाही, हे मला माझ्या अंगावरून कळत होतं. चौदा-पंधराव्या वर्षी मी खेळाडू बघायचो तेव्हा मला ते व्हायचं असायचं. पुढे ते मित्रांच्या वयाचे झाले. त्या आठवड्यानंतर मैदानावर उरलेले जवळपास सगळे माझ्यापेक्षा लहान. समालोचक ज्याला ‘अनुभवी, कारकिर्दीच्या संध्याकाळी’ म्हणतात, तो चौतीस वर्षांचा असतो. अशा माणसाच्या खांद्यावर माझ्या सुखदुःखाचं ओझं टाकायला संकोच वाटतो.

आणि ओझं टाकायची गरजही राहिलेली नाही. अमेरिकेत १९७६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, तर सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त घालून येतात. मला हे फार पटतं. शाळा-कॉलेजात माझ्या नावावर एकही विजय नव्हता. तो उसना आणावा लागायचा, आणि क्रिकेट तो उधारीवर देत होतं. पुढे आयुष्यात स्वतःचे जय-पराजय पुरेसे झाले. पराजय तर मुबलकच.

इथे एक इशारा: ‘मी क्रिकेट बघत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांत मला धरू नका. ती मंडळी मला कधी आवडली नाहीत. त्यांच्या सुरात असं असतं की बाकीचे लोक मूर्ख आहेत. मला वेड गेल्याचं दुःखही नाही आणि भूषणही नाही. फक्त ते कुठून गेलं हे बघायचं आहे.

माझ्या ‘कामाच्या’ सिद्धांताला दोन पुरावे मिळाले. पहिला माझा भाचा. त्याला देशाच्या संघाबद्दल फारसं काही वाटत नाही असं मला वाटायचं, कारण तो एकाच वेळी दोन्ही संघांतल्या खेळाडूंसाठी ओरडतो. मित्रांमध्ये त्यांच्या काल्पनिक संघांची स्पर्धा चालते. पैसे लावून खेळण्यावर २०२५ मध्ये कायद्यानेच बंदी आली, पण यांचं पैशांशिवायही जोरात चालू आहे. खेळपट्टी कशी आहे, दव पडणार का, कोणता फिरकी गोलंदाज डावखुऱ्यांना टाकत नाही, याचा तो तासन् तास अभ्यास करतो. मी नाकं मुरडली होती. मग लक्षात आलं, शारजाच्या रात्री कागदावर भागाकार करणारे आम्ही आणि हा, यात काय फरक आहे? त्याने स्वतःचं काम शोधलंय, म्हणून त्याचं वेड शाबूत आहे.

दुसरा पुरावा ब्रिस्बेनचा. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत डाव आटोपला, कोहली घरी परतला, एकामागून एक गोलंदाज जायबंदी. ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरच्या कसोटीपर्यंत अशी वेळ आली की कसोट्यांपुरते नेटमध्ये गोलंदाजी करायला थांबवून घेतलेले नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर थेट संघात. मला ही पोरं ठाऊक नव्हती, म्हणून मी शोधून वाचलं. जवळजवळ महिनाभर ती मालिका डोक्यात घोळत राहिली. १९ जानेवारीला पुजारा अंगावर चेंडू झेलत उभा होता आणि पंत दुसऱ्या टोकाला धावा काढत होता, तेव्हा मी पहाटेपासून जागा होतो आणि कुणालाही जागेवरून उठू देत नव्हतो. म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही. त्याला लागणारं इंधन क्वचित मिळतं, इतकंच.

३० ऑक्टोबर २०२५ ला महिलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामनाही असाच सापडला. ऑस्ट्रेलियाने ३३९ चं लक्ष्य दिलं होतं. महिला संघाबद्दल माझी माहिती अगदी जुजबी, त्यामुळे पुढे कोण फलंदाज शिल्लक आहे, तिची फटकेबाजी कशी आहे, काहीच माहीत नाही. टक्क्यांचा आकडा मी मुद्दाम झाकला. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ संपेपर्यंत माझ्या हातात पेन होतं आणि विजेच्या बिलाच्या पाठीमागे भागाकार. दादाला फोन केला, तोही बघत होता. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा आम्ही तब्बल तासभर बोललो, दीप्ती शर्माच्या पाच बळींवर आणि शफालीच्या ८७ वर. मग मी सगळ्या खेळाडूंची जुनी स्कोअरकार्डं काढून वाचायला घेतली.

त्यानंतरची त्यांची मालिका मात्र मी पाहिली नाही. कधी सुरू झाली तेच कळलं नाही, आणि कळलं तोवर दोन सामने होऊन गेले होते. दादा म्हणाला, पुढच्या वेळी आधी सांगतो. बघू, म्हटलं.